पट शून्य

2 एप्रिल 2022. गुढीपाडव्याची संध्याकाळ. गुढ्या उतरवून झाल्या होत्या आणि उकाड्याला कंटाळलेली माणसं अंगणात बसली होती. अंधार पडल्यावर आकाशातून जळते ठिपके ओळीनं जाताना दिसले. विमान म्हणावं तर फार मोठे, उल्का म्हणावी तर फार सावकाश. विदर्भात ठिकठिकाणी लोकांनी मोबाइल वर धरले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, धातूचं एक भलंमोठं कडं येऊन पडलं. व्यास सुमारे तीन मीटर. पुढच्या दिवसांत आसपासच्या शिवारात आणि जंगलात धातूचे पोकळ गोळेही सापडले. कडं सिंदेवाहीच्या पोलीस ठाण्यात गेलं, इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहून गेले. चीनच्या लाँग मार्च 3बी रॉकेटचा, वर्षभरापूर्वी सोडलेला टप्पा पृथ्वीच्या वातावरणात परतताना तुटला असावा, असा निष्कर्ष अवकाश-निरीक्षकांनी काढला.

बातमी आठवडाभर चालली आणि विरली. मला मात्र ते कडं बघायला जमलेली पोरं सुटत नाहीत. सगळं जळालं, मग हे का उरलं? गोळा आतून पोकळ कशाला? वर्षभर वर फिरत होतं, तर पडलं आत्ताच का? असे प्रश्न कुठल्याही पोराला पडतील. ते घेऊन त्यानं जायचं कुठे? गावातल्या शाळेत, हे सरळ उत्तर. पण चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात अशीही गावं आणि टोले आहेत, जिथे शाळेची इमारत आहे आणि शाळा नाही.

या भागात फिरणाऱ्याला बंद शाळा ओळखायला पाटी लागत नाही. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, बाजूला पोषण आहाराची शेड, आवारात हातपंप. भिंतीवर भारताचा नकाशा, त्यातली श्रीलंका दरवर्षीच्या ओलीनं पुसट झालेली. पाढे पंधरापर्यंत शाबूत. दाराला कुलूप, चाबी कुणाकडे तरी. पावसात व्हरांड्यात शेळ्या, हंगामात धानाची पोती. गावाला शाळा नको असते म्हणून हे होत नाही. पहिली ते चौथीचा पट नऊवर येतो, मग सहावर. मग एक दिवस ‘समायोजन’ हा शब्द येतो. मुलांचं समायोजन शेजारच्या गावात, गुरुजींचं दुसऱ्या केंद्रात. इमारतीचं समायोजन कुठेच होत नाही. ती पडायला आली की जिल्हा परिषदेत तिच्या निर्लेखनाचा प्रस्ताव जातो, म्हणजे कागदावरून ती वजा होते.

डिसेंबर 2017 मध्ये राज्य सरकारनं दहापेक्षा कमी पटाच्या 1,314 शाळा बंद करण्याचं जाहीर केलं, तेव्हा बराच गदारोळ झाला होता. सप्टेंबर 2023 मध्ये तोच विचार ‘समूह शाळा’ या नावानं पुन्हा आला. वीस आणि त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करायच्या, नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातलं पानशेत यांचा नमुना घ्यायचा. राज्यात अशा शाळा 14,783 आणि त्यांत मुलं सुमारे 1 लाख 85 हजार. भागाकार केला तर शाळेमागे साडेबारा मुलं. मंत्रालयात बसून हा आकडा पाहिला की कुणालाही उधळपट्टी वाटेल. पण गडचिरोली जिल्हा साडेचौदा हजार चौरस किलोमीटरचा आहे आणि 2011 च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आत होती. चौरस किलोमीटरला 74 माणसं. राज्याची सरासरी 365. माणसंच इतकी पांगलेली, तर पट वीसच्या वर जाणार कसा? शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत मागितली, ती उगाच नव्हे. भामरागडला पर्लकोटेला पूर आला की तालुक्याचा जगाशी संबंध तुटतो, आणि हे दर पावसाळ्यात होतं. एटापल्ली तालुक्यातल्या वांगेतुरीपर्यंत एसटी पोहोचली ती 1 जानेवारी 2025 रोजी. समूह शाळेची बस या नकाशावर चालवून बघावी.

आता या लेखाचा मूळ विषय. बंद इमारतींचं करायचं काय, याला अलीकडे एक नवं उत्तर ऐकू येतं: विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित यांची खास शाळा, म्हणजे ‘स्टेम’ शाळा. कल्पना परदेशी वाटली तरी टाकाऊ नाही. न्यूयॉर्कची ब्राँक्स हायस्कूल ऑफ सायन्स 1938 साली सुरू झाली ती नव्या कोऱ्या वास्तूत नव्हे; दुसऱ्या हायस्कुलांनी आधी वापरलेल्या एका जुनाट इमारतीत. तिच्या माजी विद्यार्थ्यांत आज नऊ नोबेल विजेते आहेत. दिल्ली सरकारनं 2021 मध्ये नववी ते बारावीसाठी विशेष प्रावीण्याच्या शाळा काढल्या, त्यांत एक शाखा याच विषयांची. आपल्याकडे मात्र ‘खास शाळा’ म्हटलं की आधी जमीन शोधतात आणि कोनशिला कोरायला टाकतात. चंद्रपूरची सैनिकी शाळा पाहा. 2019 मध्ये बल्लारपूर रस्त्यावर ती उभी राहिली, देखणी आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण जुन्या इमारतीला कोनशिला बसवता येत नाही, ही तिची राजकीय अडचण मला फार मोठी वाटते.

पैशाचं गणितही बघू. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅबला 20 लाख रुपये मिळतात: दहा लाख उभारणीला, दहा लाख पाच वर्षांच्या खर्चाला. त्रिमितीय प्रिंटर, सेन्सर, रोबोटचे संच, सगळं त्यात येतं. ही लॅब सहावी ते बारावीच्या शाळांसाठी आहे आणि तिला साधारण दीड हजार चौरस फूट जागा लागते. दोन खोल्यांची जिल्हा परिषद शाळा व्हरांड्यासकट मोजली तरी तिथपर्यंत पोहोचणं कठीण, आणि वर्ग पाचवीच्या पुढे जात नाहीत. दुसऱ्या टोकाला समग्र शिक्षा योजनेचं अनुदान: तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला दहा हजार रुपये. खडू, झाडू, रंग, दुरुस्ती, सगळं त्यातच. शाळा बंद झाली की तेही थांबतं, कारण यू-डायस या शाळांच्या सरकारी यादीत जिवंत नसलेल्या शाळेला कुठलंच खातं ओळखत नाही. एका बाजूला 20 लाख, दुसऱ्या बाजूला दहा हजार, आणि मधल्या जागेत काहीच नाही. बंद इमारत नेमकी त्या मधल्या जागेत उभी आहे.

पैसा आला आणि शाळा उभी राहिली, असं या दोन जिल्ह्यांत घडल्याचं मला आठवत नाही. उलट क्रमानं घडल्याचं आठवतं. एटापल्ली तालुक्यातल्या जाजावंडीला मांतय्या बेडके या शिक्षकानं पट आठवरून 138 वर नेला. 2024 मध्ये त्यांना राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार मिळाला. आठ पटाची शाळा म्हणजे समायोजनाच्या यादीतली शाळा. तिचं कुलूप लागता लागता राहिलं. त्याआधी, 2021 मध्ये, सिरोंचा तालुक्यातल्या आसरअल्लीचे खुर्शिद शेख याच पुरस्काराचे मानकरी होते. चंद्रपूरकडे, तेलंगणाच्या सीमेवरच्या जिवती तालुक्यात पालडोहची शाळा आहे. ती वर्षाचे 365 दिवस भरते. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात जालिंदरनगरच्या शाळेत तीन मुलं उरली होती. दत्तात्रय वारे गुरुजी तिथे गेले, गाव मागे उभं राहिलं, पट शंभराच्या पुढे गेला आणि 2025 मध्ये त्या शाळेला लोकपसंतीचा जागतिक पुरस्कार मिळाला. वारे गुरुजींची आधीची वाबळेवाडीची शाळाही गळक्या खोल्यांतूनच उठली होती.

या सगळ्या शाळांत सारखं काय? यंत्रं नव्हेत, ती असलीच तर नंतर आली. टिकून राहिलेला माणूस, आणि त्याला आपला मानणारं गाव. आमच्याकडे शिक्षक एटापल्ली-भामरागडला रुजू होतो तेव्हा अनेकदा बदलीचा अर्ज खिशात घेऊनच येतो. त्यालाही दोष देत नाही. घर, आजारी आईवडील, मुलांचं शिक्षण त्यालाही असतं. पण विज्ञान शिकवणाऱ्याला गावातलं एक पूर्ण वर्ष पाहावं लागतं. मोह कधी गळतो, रोवणी कधी होते, पोरं कधी गायब होतात आणि का, हे कळल्याशिवाय त्याचा तास भरत नाही.

कारण इथलं विज्ञान खोक्यातून यायची गरजच नाही. तेंदूपत्त्याचा हंगाम घ्या. पुड्यात 70 पानं, हजार पुड्यांचं एक प्रमाण गोणं. सत्तराचा पाढा इथल्या पोराला गुरुजींच्या आधी फडावर येतो. त्याच आकड्यांवरून 70 हजार पानांना किती झाडं लागली, किती छाटणी झाली, पुढच्या वर्षी फुटवा किती, इथपर्यंत जाता येतं. चंद्रपूरच्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावनं नेमका हाच विचार करून, सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवलं आणि बांबूवर भर दिला. त्याला पर्यावरणशास्त्राचा प्रकल्प कुणी म्हटलं नाही, पण तो तोच होता. मोहफुलाचंही तसंच. पहाटे फुलं वेचताना झाडाखालचा पाचोळा जाळतात, त्यातून वणवा लागतो. झाडाखाली जाळी बांधली तर पाचोळा जाळावाच लागत नाही. फुलं सुकवून वजन किती घटतं हे तराजूवर दाखवता येतं. (मोहाच्या भट्टीत ऊर्ध्वपातनाचा जो धडा आहे, तो अर्थात शाळेत घेता येणार नाही. इथल्या पोरांना तो घरी फुकट मिळतो.)

चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. बांबूचं एक पेर घेऊन ताण, वाक, वजन, पोकळ नळीचं बळ, सगळं शिकवता येईल. लाडबोरीच्या आसपास पडलेले गोळे पोकळ का होते, याचा अर्धा पाठ त्या पेरातच आहे. कोहळी समाजानं पिढ्यानपिढ्या बांधलेले तलाव, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो, ते पाण्याच्या उताराचं असं काटेकोर मोजमाप आहेत की पाळीवर उभं करून समपातळीचा धडा घ्यावा. सिकलसेल या पट्ट्यात घरोघरी माहीत आहे. आई आणि वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक. संभाव्यता आणि आनुवंशिकता यांचा इतका जवळचा, इतका गंभीर धडा पुण्या-मुंबईच्या शाळेला मिळत नाही. तो शिकवताना जपून शिकवावा लागेल, हेही खरं. वर्गात बसलेल्या पोरीच्या घरची गोष्ट असू शकते ती.

सिरोंच्याजवळ वडधमला जीवाश्म उद्यान आहे. प्राणहिता-गोदावरीच्या याच खोऱ्यातून भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ‘बारापासॉरस टागोराय’ या प्रचंड डायनासोरची हाडं काढली. त्याचा सांगाडा आज कोलकात्यात उभा आहे. हाडं इथली, सांगाडा तिथे, अशी ही नेहमीचीच वाट. आणि ज्या महाखंडाचं नाव जगभरच्या भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात ‘गोंडवाना’ म्हणून छापलेलं असतं, ते नाव ऑस्ट्रियाच्या एडवर्ड झ्यूसनं गोंडांच्या मुलखावरूनच घेतलं. माडिया-गोंड पोराला हे पहिलीपासून सांगायला हवं. भूगोलाच्या नकाशात आपण काठावर आहोत असं त्याला वाटत असतं.

यातलं बरंच काही शाळेबाहेर शिकलंही गेलंय. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव अभ्यास गटांसाठी ओळखलं जातं. एक विषय घ्यायचा, जाणत्यांना बोलवायचं, निर्णय मात्र ग्रामसभेनं करायचा. 2009 मध्ये त्यांना सुमारे 1,800 हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला, देशात सर्वांत आधी. पुढे दोन्ही जिल्ह्यांत वनहक्काच्या दाव्यांसाठी गावागावातली तरुण पोरं हातात जीपीएस घेऊन हद्दी चालली. अक्षांश-रेखांश ती पुस्तकातून नाही, काट्याकुट्यातून शिकली. पुण्याजवळ पाबळला डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी 1983 पासून हेच सांगितलं: शाळेतल्या मुलांनी गावाची खरी कामं करावीत, त्यातून तंत्रज्ञान यावं. त्यांच्या विज्ञान आश्रमात 2002 मध्ये अमेरिकेच्या एमआयटीबाहेरची सुरुवातीची फॅब लॅब आली, तीही या कामाची पावती म्हणून.

तेव्हा बंद शाळेत ‘स्टेम’ शाळा काढायची असेल तर ती कशी असावी, याबद्दल माझं मत आहे ते सांगून टाकतो. तालुक्याच्या ठिकाणी एक पुरेशी मोठी जुनी इमारत घ्यावी, तिथे सहावी ते दहावीची विज्ञानशाळा भरवावी, कार्यशाळा आणि यंत्रं तिथे. आसपासच्या बंद पडलेल्या दोन खोल्यांच्या शाळा तिच्या चौक्या. एका खोलीत हवामानाची नोंद, रोपवाटिका, सूक्ष्मदर्शक, वनोपज वाळवण्याचं सौर यंत्र. दुसऱ्या खोलीत पुस्तकं. छपरावर सौर पॅनेल, कारण वीजबिल थकून मीटर कापलं जाणं ही जिल्हा परिषद शाळांची जुनी कहाणी. 2,920 मेगावॉटचं महाऔष्णिक केंद्र ज्या जिल्ह्यात आहे तिथेही शाळेच्या दिव्याची हमी देता येत नाही, यावर काय बोलावं. चौकीची चाबी ग्रामसभेनं नेमलेल्या माणसाकडे. शनिवार-रविवारी ती सगळ्या गावाला उघडी.

भाषेचा प्रश्न टाळून हे होणार नाही. माडिया घरातून आलेलं पोर पहिली दोन वर्षं मराठी समजण्यात घालवतं. सिरोंच्यात तेलुगू, मुलचेऱ्यात बंगाली, कोरचीकडे छत्तीसगढी. धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेनं 2019 मध्ये स्वतःची गोंडी शाळा काढली. शिक्षण खात्यानं ती अनधिकृत ठरवली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. एकीकडे शाळा बंद पडताहेत म्हणून हळहळ आणि दुसरीकडे गावानं उघडलेल्या शाळेला दंडाची नोटीस, हे एकाच खात्याचं काम आहे. लोकबिरादरी प्रकल्पानं हेमलकशाला 1976 मध्ये आश्रमशाळा काढली आणि तिथली माडिया पोरं पुढे डॉक्टर झाली, पण त्यासाठी शिकवणारे आधी माडिया बोलायला शिकले होते.

एक धोका मला ब्राँक्सच्या उदाहरणातच दिसतो. ती शाळा परीक्षा घेऊन मुलं निवडते. आपल्याकडेही निवडीच्या शाळा आहेत: घोटचं आणि तळोधीचं नवोदय, एकलव्य निवासी शाळा. नवोदयला सहावीत 80 जागा, म्हणजे दोन नवोदय मिळून 160. दोन जिल्ह्यांची लोकसंख्या 32 लाखांवर. निवडलेली मुलं पुढे जातात, आणि त्यांचा फोटो लावून बाकीच्यांचा प्रश्न सुटल्यासारखं वाटतं. मे 2018 मध्ये चंद्रपूरच्या शासकीय आश्रमशाळांतल्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केलं. केवढी मोठी गोष्ट! छाती भरून आली होती तेव्हा सगळ्यांची. पण नीट प्रशिक्षण आणि पैसा दिला तर ही पोरं कुठवर जातात, याचा तो पुरावा होता. तो पुरावा मिळाल्यावर आश्रमशाळांच्या प्रयोगशाळा सुधारण्याची मोहीम काढायला हवी होती. तालुक्याची विज्ञानशाळा जर शेजारच्या चालू शाळांतली हुशार पोरं उचलून नेणार असेल, तर त्या शाळांचा पट आणखी घसरेल आणि पुढच्या वर्षी आणखी दोन कुलपं लागतील. अशी विज्ञानशाळा नसलेली बरी.

वरच्या मजल्यावर हालचाल पुष्कळ आहे. गडचिरोलीत 2011 पासून गोंडवाना विद्यापीठ आहे, तिथे विज्ञान व तंत्रज्ञान संसाधन केंद्र आहे. सुरजागडचं लोहखनिज आणि कोनसरीचा कारखाना यांच्याबरोबर तांत्रिक मनुष्यबळाची भाषा रोज होते. ते मनुष्यबळ चौथीच्या वर्गातून येतं. तो वर्गच बंद असेल तर खाणीवर इथलं पोर राखणदार म्हणून लागेल आणि अभियंता बाहेरून येईल. आत्ताच तसं दिसतं आहे.

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा धान कापणीला आलेलं असेल आणि भाऊबीजेनंतर झाडीपट्टीत मंडई-नाटकांचा हंगाम सुरू होईल. त्यानंतर 26 जानेवारीची ग्रामसभा येते. तुमच्या गावात किंवा सासरी-माहेरी कुलूप लागलेली शाळा असेल, तर तिच्या निर्लेखनाचा प्रस्ताव गेला आहे का, हे आधी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. गेला नसेल तर 26 जानेवारीच्या विषयपत्रिकेवर एक विषय लेखी द्या: शाळेच्या इमारतीचा वापर. ठरावाची प्रत ग्रामपंचायतीकडून घ्या, आणि चाबी कुणाकडे आहे तेही त्याच दिवशी नोंदवून घ्या.